दुसरीचा खेळ

याओ सुयिंगचा बाप सूतगिरणीत बॉयलरवर कोळसा ओढायचा. ह्वाय नदीच्या काठच्या त्या गावात शाळा गिरणीची, दवाखाना गिरणीचा, आंघोळीची न्हाणीघरंसुद्धा गिरणीची. याओंच्या एका खोलीच्या घरात भिंतीवर ओळीनं सात प्रशस्तिपत्रं लावलेली होती, सातही 'आदर्श कामगार' म्हणून मिळालेली. त्या सात वर्षांत बापानं एक खाडा केला नव्हता. तापानं फणफणला तरी फावडं हातात. कुणाच्या अंगात काय आहे, कुणाच्या डोक्यात काय आहे, असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. जो जास्त खपतो तो पुढे जातो, एवढंच त्याला कळत होतं, आणि त्या काळात गिरणीच्या भोंग्यावरूनही दिवसभर तेच सांगितलं जायचं.

सुयिंग नऊ वर्षांची असताना जिल्ह्याच्या क्रीडाशाळेतून फान मास्तर पोरं निवडायला आले. शाळेच्या अंगणात टेबल टेनिसची सिमेंटची दोन टेबलं होती. जाळी नव्हती, तिथे विटा मांडलेल्या. मास्तरांनी सगळ्या पोरींना ओळीत उभं केलं, हातात बॅट दिली आणि चेंडू उडवायला सांगितला. एकदा बॅटच्या या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. सुयिंगच्या शेजारच्या दारात राहणारी वेई लान मागच्या पोरीशी गप्पा मारत मारत उडवत राहिली. शेवटी मास्तरांनीच तिला थांबवलं. सुयिंग जीभ दातांत धरून, एकटक बघत उडवत होती. चाळिसाव्याला चेंडू पडला. पुन्हा उडवला, अडतिसाव्याला पडला.

मास्तरांनी तिचं मनगट धरलं, वळवून पाहिलं, सोडून दिलं.

त्या दिवशी पाळी संपल्यावर बाप कोळशाच्या अंगानंच मास्तरांना गाठायला गेला. सुयिंग मागे उभी होती.

"याओदादा, पोर गुणी आहे," मास्तर म्हणाले. "पण हात लाकडाचा आहे. हाताला समज लागते. ती शिकवून येत नाही, जन्मतःच असावी लागते."

"तुमच्याकडची चांगली पोर दिवसाला किती चेंडू मारते?"

"मारत असेल हजारभर."

"मग हिनं दोन हजार मारले तर?"

मास्तर हसले. "तर हिचा हात दुप्पट दुखेल."

बापाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी त्यानं सुयिंगला उठवलं, हातात वाफेवरचा एक पाव दिला आणि क्रीडाशाळेच्या रस्त्याला लावलं. चार किलोमीटर. नाव दाखल नव्हतं, त्यामुळे टेबलाला हात लावायची सोय नव्हती. ती कोपऱ्यात उभी राहून बाकीच्यांचे चेंडू गोळा करायची आणि शाळेच्या वेळेपर्यंत धावत परत यायची. संध्याकाळी बाप अंगणातल्या टेबलाच्या पलीकडे उभा राहायचा. त्याला खेळता येत नव्हतं. तो फक्त बादलीतून एकेक चेंडू फेकायचा आणि मोठ्यानं मोजायचा.

सहा महिन्यांनी फान मास्तर म्हणाले, "बरं बाई, ये आत. तुझ्याकडे बघून मलाच लाज वाटायला लागलीय."

बाराव्या वर्षापर्यंत तिनं क्रीडाशाळेतल्या सगळ्या पोरींना मागे टाकलं. फक्त लान सोडून. लान उशिरा यायची, खिशात सूर्यफुलाच्या बिया असायच्या, त्या सोलत बसायची. मास्तर ओरडले की उठायची, अर्धा तास खेळायची, आणि त्या अर्ध्या तासात असं काही करायची की बाकीच्या टेबलांवरचा खेळ थांबायचा. चेंडू बॅटवर यायच्या आधीच तिला ठाऊक असायचं तो कुठे जाणार. दुपारी जाजमावर ती तोंड उघडं टाकून झोपायची. सुयिंग तिच्याकडे बघून मनाशी म्हणायची, झोप. मी तोवर दोनशे चेंडू पुढे जाते.

पण दोनशे पुढे गेली तरी लान पुढेच असायची. दहा डावांतले आठ लानचे. वर्षामागून वर्षं तो हिशेब बदलला नाही. चौदाव्या वर्षी दोघी प्रांताच्या संघात गेल्या, एकाच खोलीत राहिल्या, एकाच बादलीत कपडे भिजवले. लानचा स्वभाव वाईट नव्हता. सुयिंगच्या हाताला फोड आले की स्वतःहून मलम लावायची, आणि म्हणायची, "अगं, कशाला एवढी मरतेस? खेळच आहे ना." सुयिंगला त्या मलमापेक्षा ते वाक्य जास्त झोंबायचं.

सतराव्या वर्षी लानला राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. वर्षभरानं सुयिंगलाही आलं. बापानं बॉयलरखान्यात सगळ्यांना सिगारेटी वाटल्या. फान मास्तर घरी येऊन म्हणाले, "दादा, मी चुकलो." बापानं भिंतीवरची प्रशस्तिपत्रं थोडी सरकवून बोलावण्याच्या पत्रासाठी जागा केली.

बीजिंगला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी गुओ मास्तरांनी तिला एका खोलीत नेलं. खोलीत टीव्ही होता आणि टेप लावलेली होती. पडद्यावर एक ठेंगणी जपानी बाई खेळत होती.

"ही ओनोदेरा," मास्तर म्हणाले. "मागच्या स्पर्धेत हिनं आपल्या चौघींना घरी पाठवलं. तुला इथं कशासाठी आणलंय, कुणी सांगितलं का?"

"खेळायला," सुयिंग म्हणाली.

"हिच्यासारखं खेळायला. लाननं रोज सकाळ-संध्याकाळ ओनोदेराशी खेळलं पाहिजे, म्हणजे खरी समोर आली की भीती वाटणार नाही. ओनोदेरा काही आपल्याकडे येणार नाही. तेव्हा तू ओनोदेरा व्हायचंस."

सुयिंगचा खेळ टेबलाला चिकटून, झटपट मारा करायचा. ओनोदेराचा बरोबर उलटा. ती टेबलापासून चार पावलं मागे राहायची, जोरात आलेला चेंडू गुडघ्याच्या खाली उतरू द्यायची आणि बॅटनं खालून कापून संथपणे परत पाठवायची. समोरचीचा धीर सुटेपर्यंत, पुन्हापुन्हा.

"माझा खेळ बदलावा लागेल," ती म्हणाली.

"हो."

"मग मीच का? इतक्या जणी आहेत."

गुओ मास्तर खोटं बोलणारे नव्हते. "त्यांना आपला खेळ मोडावासा वाटत नाही. तुला सांगितलं की तू करतेस. आणि उद्या परत करतेस. तुझ्यात तेवढंच आहे, पण ते फार आहे."

तिनं बापाला लिहिलं की काम महत्त्वाचं आहे, देशाचं आहे. ते खोटं नव्हतं.

पहिलं वर्ष बॅट हातात परकी वाटायची. दुसऱ्या वर्षी वाटेनाशी झाली. त्या टेपा तिनं इतक्यांदा पाहिल्या की ओनोदेरा चेंडू टाकण्याआधी डाव्या तळव्यावर फुंकर मारते, चुकली की टेबलाचा कोपरा बोटानं पुसते, हेसुद्धा तिच्या अंगात उतरलं. गुओ मास्तरांना तेही हवं होतं. संघात कुणी तिला सुयिंग म्हणेना. "ए ओनोदेरा, भात संपला का बघ गं." "ओनोदेरा, तुझं टपाल आलंय." खाली वाकून वाकून गुडघ्यांत पाणी व्हायला लागलं. संघाचे डॉक्टर मोठ्या सुईनं ते काढायचे, आणि दोन दिवसांनी ती पुन्हा टेबलापासून चार पावलं मागे उभी असायची.

तिसऱ्या वर्षी एकदा लागोपाठ सात दिवस ती लानला हरवत गेली. सातव्या दिवशी लाननं बॅट फेकून दिली आणि जमिनीवर बसून रडली. सुयिंगला आयुष्यात असला आनंद कधी झाला नव्हता. ती तशीच घामेजलेली गुओ मास्तरांकडे गेली.

"मला निवड चाचणीत खेळू द्या."

"कुणाच्या नावानं खेळशील?" मास्तर म्हणाले. "हे बघ पोरी. तू लानला हरवतेस, कारण लानचा एकेक फटका तुला पाठ आहे. बाकीच्यांशी तसं नाही. आणि आमच्याकडे एक ओनोदेरा आहे हे बाहेर कळलं, तर खरी ओनोदेरा आपला खेळ बदलेल. मग तीन वर्षं पाण्यात." मग म्हणाले, "तू तिला रडवलंस हे उत्तम झालं. आता ती शिकेल."

आणि लान शिकली. चार दिवसांत तिनं काय ओळखलं कोण जाणे, पण ओनोदेराच्या डाव्या कोपऱ्यावर हलका चेंडू सोडून लगेच पोटावर जोराचा मारायचा, ही युक्ती तिला सापडली. कुणी शिकवली नव्हती. सुयिंग तीन वर्षं त्या जागी उभी होती, पण आपल्याच खेळात तिथं भोक आहे हे तिला दिसलं नव्हतं.

जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना संघातल्या बाकीच्यांनी भोजनघरात टीव्हीवर पाहिला. लान आणि ओनोदेरा. शेवटच्या डावात लाननं हलका चेंडू सोडला, ओनोदेरा धावत पुढे आली, आणि पुढचा चेंडू तिच्या पोटावर गेला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. भोजनघरात सगळे बाकांवर चढून नाचत होते. कुणीतरी सुयिंगला मिठी मारली. ती हसत होती. पण पडद्यावर ओनोदेरानं टेबलाचा कोपरा बोटानं पुसला तेव्हा सुयिंगचं बोट आपोआप भोजनाच्या टेबलावर फिरलं, आणि आपण हरलो असं तिला वाटलं.  ती उठून बाहेर हात धुवायला गेली.

चार महिन्यांनी ओनोदेरानं लग्न केलं आणि खेळ सोडला. बातमी वर्तमानपत्रात दोन ओळींची होती. गुओ मास्तरांनी सुयिंगला बोलावलं. बोलणं दहा मिनिटांत संपलं. त्यांनी तिला चहा दिला, गुडघ्यांची काळजी घ्यायला सांगितलं, आणि प्रांताच्या संघाला चिठ्ठी दिली.

प्रांताच्या संघात तिला आठवडाभर खेळवून पाहिलं. टेबलाजवळ उभी राहिली की पाय आपोआप मागे सरकायचे. मागे उभी राहिली की नव्या पोरी तिला ओनोदेराला माहीत नसलेले चेंडू टाकायच्या. "तुझा स्वतःचा खेळ कुठे गेला गं?" तिथल्या प्रशिक्षकांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. बाविसाव्या वर्षी ती गावी परतली आणि गिरणीत कातणखात्यात लागली.

पुढे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या चेनशी तिचं लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव यान ठेवलं. बाप निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहायला आला. कोळशानं त्याची छाती भरली होती. बोलता बोलता थांबून श्वास घ्यावा लागायचा. पण सुयिंगबद्दल तो गल्लीत अभिमानानं सांगायचा, "राष्ट्रीय संघात होती. गुडघ्यांनी दगा दिला, नाहीतर." सुयिंगनं ते कधी खोडून काढलं नाही. गुडघे तर होतेच.

यान सहा वर्षांची असताना एका रविवारी दुपारी टीव्हीवर लानची मुलाखत लागली. घरात सगळे जेवत होते. लान आता खेळाच्या खात्यात अधिकारी होती, केस कापलेले, गळ्यात मोत्यांची माळ. मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, "तुम्हाला तर उपजतच देणगी होती, असं म्हणतात."

"देणगी वगैरे काही नसतं," लान म्हणाली. "मी नऊ वर्षांची असताना मास्तरांनी मला नाकारलं होतं. म्हणाले, हात लाकडाचा आहे. मी सहा महिने नुसते चेंडू गोळा केले. बाकीच्या हजार मारायच्या, मी दोन हजार. जे काही झालं ते घामानं."

सुयिंगच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. चेननं तिच्याकडे पाहिलं; तिनं कधीकाळी त्याला हे सगळं सांगितलेलं होतं. पण बाप पडद्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"तिलाही म्हणाला होता फान मास्तर," तो म्हणाला. "तिलाही. मला ठाऊकच नव्हतं."

"बाबा, ते तिला नाही म्हणाले," सुयिंग म्हणाली. "मला म्हणाले. तुम्ही होतात ना तिथं. ती माझी गोष्ट सांगतेय."

"तुलाही म्हणाला, तिलाही म्हणाला. मास्तर तो, दहा जणींना म्हणाला असेल." बाप श्वासासाठी थांबला. मग लेकीकडे वळला. रागानं नाही, फार वर्षांनी एखाद्या गोष्टीचा उलगडा व्हावा तसा. "म्हणजे दोघींचे हात सारखेच होते. मग तू कमी पडलीस, सुयिंग. कुठेतरी कमी पडलीस."

"बाबा, ती झोपायची. मी खेळत असताना ती झोपलेली असायची."

"हरलेलं माणूस असंच बोलतं," बाप म्हणाला आणि पेजेचा वाडगा तोंडाला लावला.

त्यानंतर त्यानं गल्लीत तिच्याबद्दल सांगणं बंद केलं. वागण्यात फरक नव्हता, यानला शाळेत सोडायचा, सुयिंगची चप्पल तुटली तर शिवून ठेवायचा. फक्त तो अभिमान गेला. तो आपल्या मनात हिशेब चुकता करून बसला होता, आणि त्याच्या हिशेबात चूक काढायची तर त्याची भिंतीवरची सातही प्रशस्तिपत्रं उतरवावी लागली असती.

दोन वर्षांनी गिरणीनं हजारभर बायांना कमी केलं. खातेप्रमुखांनी सभेत सांगितलं की जी कष्ट करेल तिला बाहेर वाट सापडेल, आणि आपल्याच गावच्या वेई लानचं उदाहरण दिलं. सुयिंग तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारची म्हणाली, "तुझीच ना गं ती मैत्रीण? तिला सांग की आपल्यासाठी काहीतरी." सुयिंग बाजारात भाजी विकायला बसू लागली.

त्यानंतर तीन वर्षांनी गावात नवं क्रीडागृह झालं, त्याच्या उद्घाटनाला लान आली. तिनं स्वतःच सुयिंगला निरोप पाठवला. क्रीडागृहामागच्या एका खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. लाननं तिचे हात हातात घेतले, मातीनं काळे पडलेले.

"तू रागावलीयस," लान म्हणाली.

"मुलाखत पाहिली होती."

लाननं तिचे हात सोडले. "पहिल्यांदा चुकून म्हणाले गं. कुणीतरी विचारलं, तू एवढी मोठी कशी झालीस. मी काय सांगणार होते? मला आपोआप येत होतं? मग लोक म्हणतात, त्यात तुझं काय? खरंच, माझं काय होतं त्यात? त्या वेळी तू आठवलीस. ती गोष्ट सांगितली, तर सभागृह उभं राहिलं. मग पुन्हा सांगितली." ती खाली बघत म्हणाली, "तुला त्या गोष्टीचा काही उपयोग नव्हता, सुयिंग. हरलेल्याची मेहनत कुणाला ऐकायची नसते."

"माझा बाप ऐकत होता," सुयिंग म्हणाली. "तो दवाखान्यात आहे. दहा मिनिटं चल. त्याला खरं सांग. बाकी कुणाला नको सांगूस."

लाननं गाडी बोलावली. वाटेत संत्री घेतली. दवाखान्यात बापाच्या नाकात नळी होती. लानला बघून तो कोपरावर उठून बसला, शेजारच्या खाटांवरच्यांना हातानं खुणावू लागला, कोण आलंय बघा.

"काका," लान खाटेशी बसून म्हणाली, "मी टीव्हीवर सांगितलं ते माझं नव्हतं. ते सगळं सुयिंगचं. हात लाकडाचा तिला म्हणाले होते. चेंडू तिनं गोळा केले. माझ्यापेक्षा दुप्पट ती खपली. मला येत होतं, म्हणून मी जिंकले. तिच्यामुळे जिंकले."

शब्द न शब्द नीट बोलली.  सुयिंगला तेवढ्यापुरतं तिच्याबद्दल सगळं विसरल्यासारखं झालं.

बापानं सगळं ऐकून घेतलं. मग लानच्या हातावर थोपटलं.

"मोठी माणसं अशीच असतात," तो म्हणाला. एकेका शब्दाला श्वास लागत होता. "मैत्रिणीची लाज राखायला आलीस. पोरी, घामाशिवाय कुणी जगज्जेती होत नाही. मला शिकवू नकोस." आणि सुयिंगकडे बघून म्हणाला, "बघ, कशी नम्र आहे."

लाननं सुयिंगकडे पाहिलं.  सुयिंगनं एक संत्रं सोललं आणि फोडी बापाच्या तोंडात घातल्या.

अठरा दिवसांनी तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता, पण तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि तिनंही काढला नाही.

लानच्या शब्दावर सुयिंगला नव्या क्रीडागृहात नोकरी मिळाली. लहान मुलांना शिकवायला नको, असं तिनं आधीच सांगून टाकलं. निवृत्त माणसांची एक मंडळी सकाळी यायची, वजन उतरवायला, साखर आटोक्यात ठेवायला. त्यांच्यासमोर ती उभी राहायची. कुणाला चेंडू उजवीकडे हवा, कुणाला हळू, कुणाला नेमका छातीच्या उंचीवर. ती हवा तिथं, हवा तसा, तासभर देत राहायची, एकही इकडचा तिकडे न होता. एकदा एक म्हातारे शाळामास्तर घाम पुसत म्हणाले, "सुयिंगबाई, काय हात आहे हो तुमचा. हे शिकून येत नाही. हे रक्तातच असावं लागतं."

"असेल," ती म्हणाली आणि पुढचा चेंडू घेतला.

यान शिकून शांघायला गेली, तिथंच लग्न करून राहिली. चेन दोन वर्षांमागे वारला. गिरणीच्या चाळी पाडून तिथे इमारती झाल्या, त्यात सुयिंगला सहाव्या मजल्यावरची खोली मिळाली. इमारतीला लिफ्ट नाही. सकाळचं काम संपलं की ती भाजी घेऊन येते, खालच्या पायरीवर पिशवी क्षणभर टेकवते, मग ती उचलून कठड्याला धरून एकेक पायरी चढते, दर मजल्यावर थांबून गुडघे चोळते. शेजारची पोरं धावत तिच्या बाजूनं वर जातात. कधी कुणी पिशवी नेऊ का म्हणून विचारलं, तर ती मान हलवते. तिला वर पोचायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढी तिच्याकडे असतात.